काट्यावरचा दसरा

नाही साहेब, रगत नोहे ते, कुंकू होय. हात कायले मांगं घेता? पुसा त्या फडक्यानं अन् लागा कामाले. दसऱ्याच्या सकाळी पूजा केलती न ह्या डब्याची, त्याचं हाय ते. तुमी अकोल्याचे लोकं, तुमच्याकडं गाडीले हार घातला का दसरा झाला — आमी सारं पुजतो. ट्रका-ट्रॉल्या मोजाचा काटा पुजतो, फावडे पुजतो, वजनं पुजतो, ट्रकचं चाक खोलाची टामी पुजतो, तं म्या म्हनलं हा कॅमेऱ्याचा सर्वर कायले उपाशी ठेवाचा, बारा महिने डोळे लावून बसते बिचारा, त्यालेबी एक टिळा लावा. नारळ फोडला — इथंच, ह्या टेबलाच्या कोपऱ्यावर — अन् आमचा अनुप, तुमाले फोन लावला तोच, काट्यावर बसते, पावत्या फाडते, त्या येड्यानं नारळाचं पानी शिंपडलं न डब्यावर, तीर्थ शिंपडल्यावानी. घडीभरानं पों पों सुरू. लाल बत्ती लागली. म्या म्हनलं, घेतली देवानं पूजा. आता तुमी म्हनता त्याच पान्यानं डिस्क मेली. अनुपले मारली असती न एक कानाखाली — मारलीच म्हना, दोन मारल्या, पन त्या दुसऱ्याच कारनासाठी. जाऊ द्या. तुमी स्क्रू खोला.

अन् तो शब्द तरी धड सांगाचा का नाही लोकायनं. अनुप तुमच्या हापिसात बोलला अन् तिथून वरडला, भाऊ, रेडमंधी प्रॉब्लेम हाय. ह्या डिस्कायच्या जोडनीले रेड म्हनतेत हे मले काय ठाव? म्या म्हनलं, रेड? कोनाची रेड? कुठं पडली? मी तं हातातली आरती तशीच टाकून खोलीत पळालो अन् पयले तो रिमोट काढला टेबलाच्या खालून — नाही, कोनता रिमोट म्हंजे, टीव्हीचा. टीव्ही नाही इथं, हाव, दिसते मले. घरचा टीव्ही. तुमी डब्याकडं पाहा साहेब, टेबलाखाली कायले पाहता.

ते लाल बत्तीवालीच काढाची न? पक्कं पाह्यलं न? नाही, तुमीच सांगतलं म्हून विचारतो. चार डिस्का हायत, माल चौघींवर वाटून ठेवलेला हाय, एक मेली तं बाकीच्या तिघी मिळून तिचा वाटा सांभाळतेत, पन अजून एक निघाली का सारं गेलं. समजलं मले. तिरडीचं गनित हाय हे. चार खांदेकरी, एकानं खांदा काढला तरी तिघं कसेबसे मसनात नेतात, दुसऱ्यानं काढला का मुडदा रस्त्यावर. तवा हात जपून घाला. एक डिस्क चुकली न साहेब, तं मी ह्या खोलीतून तुमाले धडधाकट जाऊ देनार नाही, हसत हसत सांगतो पन खरं सांगतो. शटर म्या मुद्दामच अर्धं ओढलं. हो, गर्मी होते. होऊ द्या.

कारन ह्या डब्यात माह्या पोराचा जीव हाय. हर्षल. एकुलता एक. तुमाले सांगतलं नाही कोनी? पेपरात आलतं न, शेलूबाजारच्या धरमकाट्यावर हानामारी, शेतकरी ठार. तो काटा हाच. अन् ज्याले धरून नेलं तो माहा पोरगा. आज मंगरूळच्या कोर्टात उभं करून राह्यले त्याले, वकीलबाई हायत आपल्या, प्रियदर्शनी मॅडम, सकाळपासून फोनावर फोन — गुलाबराव, निघालं काय? गुलाबराव, निघालं काय? त्या म्हनतेत, मेलेल्या मानसानं आधी टामी उचलली एवढं जजसाहेबाले दिसू द्या, बाकीचं मी पाहून घेते. उद्या पोलीस येऊन डबाच घेऊन जानार. म्हून आज. म्हून तुमाले झोपीतून उठवून आनलं. त्याच्या मायनं दसऱ्यापासून अन्नाले हात नाही लावला, देवापाशी बसून राह्यते अन् मले दारात पाह्यलं का तोंड फिरवते. मले कायले तोंड फिरवते? मी काय केलं?

मेला तो भाऊसिंग. इंझोरीचा. तुमी नाही ओळखत, बरं हाय. दसऱ्याले इकडं सोयाबीनचा सीजन असते साहेब, ट्रॉल्यायची लाइन पार हायवेले लागते, पन म्या काटा बंद ठेवला दुपारी, मांडव टाकला, निळा पडदा लावला उन्हासाठी, रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरन — हमाल असो, ड्रायवर असो, कोन कुठचा विचारलं नाही, बस अन् जेव. माह्या बापानं पाडलेली रीत हाय ते. अन् हा हरामखोर भर पंगतीत उभा राहून बोंबलला. काटा मारते, गुलाबराव काटा मारते. शेजारच्या मालेगावले मोजून आनलता म्हने त्यानं माल, अन् इथं कमी भरला. आता सांगा, जेवत्या मानसायपुढं असं बोलाव काय? माह्या रोडग्याचा घास तोंडात ठेवून? अन् काटा कोन मारत नाही, मले एक काटा दाखवा — म्हंजे मी मारतो असं नाही म्हनून राह्यलो मी. तुमी तुमचं काम करा. पंगत थांबली न साहेब. सारे लोकं हात थांबवून माह्याकडं पाहून राह्यले. तो आवाज नाही सहन होत मले, शंभर मानसं गुमान झाल्याचा. म्या उठलो अन् भाजीचं भरलं पातेलं उचलून त्याच्या तोंडावर मारलं.

गरम होती. चुलीवरूनच उतरवली होती. ते काही कॅमेऱ्यात येत नाही, घाबरू नका, कॅमेऱ्याचं तोंड पूजेकडं हाय अन् चूल तिकडं मांगं. तो तोंड धरून वरडला, लोकं हसले. हाव, हसले, आता कोनी सांगनार नाही पन हसले. मंग तो धावला पूजेकडं अन् टामी उचलली — झेंडूचा हार होता तिले, हारासकट उचलली — अन् आला माह्यावर. हे कॅमेऱ्यात हाय. इथूनच सुरू होते सारं, जजसाहेबाच्या हिशोबानं. हर्षल मधी पडला, त्यानं टामी हिसकून घेतली, हिसकता हिसकता भाऊसिंगच्या मनगटाले लागली, तो मांगं सरकत सरकत गेला पडद्याच्या आड, अन् तिथं काट्याच्या लोखंडी कडीवर डोकं आपटलं. पडला तो पडलाच. अकोल्याले नेता नेता रस्त्यातच गेला. आता डॉक्टर म्हनते कवटी तीन ठिकानी फुटली. फुटली असन. लोखंडावर पडलं तं नारळासारखं कुठंबी फुटते, डॉक्टर काय तिथं उभा होता?

बसली काय नवी? बसली? अरे वा, हिरवी झाली. अन् हे आकडे काय चढून राह्यले — हां, ह्या तिघी तिले तिचा वाटा पुन्हा शिकवून राह्यल्या म्हना. संध्याकाळ होईन? एवढा टाइम? नाही साहेब, तारीख आज हाय, आत्ता हाय. तवर जुनं पाह्यता येते न? येते? मंग लावा, तेच लावा पयले अन् तुमच्या त्या पेनड्राइवमंधी घ्या. म्या अजून डोळ्यानं नाही पाह्यलं हे, त्या दिवशी अनुपनं घाबरून वायरच ओढून घेतली भिंतीतून, भांडन निपटल्यावर. लावा. दसरा, दुपार.

हा, हाच. हा मांडव, हे पूजा, हा आमचा हमाल शालिग्राम, पाय पसरून कसा बसला पाहा पूजेपुढं. आता येईन तो. पाहा — पाहा, पाहा, आला. उचलली. दिसली न? थांबवा तिथं. मोठं करा. हार दिसते न टामीले? सोन्यावानी दिसते साहेब. तुमी देवमानूस हायत. हा हर्षल — कसा मधी घुसला पाहा, शिकलेलं पोरगं, कधी कोनाले चापट मारली नाही, पन बापावर हात उठलेला पाह्यला अन् घुसलं. हिसकली. लागली मनगटाले, बस, एवढीच लागली. अन् आता हे चालले पडद्याआड. संपलं. इथून पुढं निरा निळा कपडा, म्या सांगतलं होतं न तुमाले. बंद करा आता. एवढंच घ्या.

एवढंच घ्या म्हनलं न. बाकी कायले चालू ठेवता? कपडा पाहाचा काय? — हे काय खरखर होऊन राह्यलं? काय दाबलं तुमी? आवाज? कोनता आवाज? ह्या कॅमेऱ्याले आवाज हाय?

कोनं लावला? ड्रायवर लोकं वजनावरून भांडतेत म्हून? अनुपनं? मले न विचारता? अन् मी इथं बसून काय काय बोलतो ते सारं — थांबा. थांबा, कमी करू नका, वाढवा. वाढवा म्हनतो न.

तो आवाज माहा नोहे. मी असा नाही बोलत. बरं — बरं, माहाच हाय. माहा मांडव, माहा काटा, मी बोलनारच. काय वाईट बोललो? 'सरक हर्षल, याले मी देतो प्रसाद.' तं? दसऱ्याची पंगत होती साहेब, प्रसादच होता, रोडगे, भाजी, वरन — आलेल्या मानसाले प्रसाद देतो म्हनलं तं कोनत्या कलमात बसते? तुमच्या अकोल्यात प्रसादाले काय म्हनतेत? हा दुसरा अर्थ पोलीस काढतीन, वकील काढतीन, तुमी नका काढू. अन् हे धप धप ते रोडगे फोडून राह्यले. मुठीनं फोडाव लागतात न, कडक असतात वरून. अजून एक. अजून — बाप्पा, किती रोडगे होते.

हे कोन बोलून राह्यलं मधी? पुन्हा लावा. मांगं घ्या. — नाही, नका लावू. ऐकलं म्या. 'बाबा, नका मारू. बाबा, मरून जाईन तो.' हर्षलच होय. रडून राह्यला. लहानपनापासून असाच हाय तो, कोंबडी कापाले घेतली तं घराबाहेर जाऊन बसे, मी माराचो त्याले त्यासाठी, म्हनाचो गुलाबरावाच्या पोटी हे गाय कुठून आली.

माह्याकडं असं पाहू नका. साहेब, खाली पाहा. बटनाकडं पाहा.

तुमाले काय वाटते, म्या पोराले ढकललं? त्याले म्या नीट समजावून सांगतलं. म्या म्हनलं, बाबू, कॅमेऱ्यात दिसते का टामी त्यानं आधी उचलली अन् तू हिसकली, एवढंच दिसते, पुढचं पडद्यामांगं हाय. तू तुह्यावर नाव घे, तुले लवकर सोडतीन, बापाले वाचवलं म्हून लोकं पाया पडतीन. मले धरलं तं मांगचं सारं निघीन — काट्याचं निघीन, त्या रिमोटाचं निघीन, जुन्या दोन केसा हायत त्या निघतीन. त्यानं एक सवाल नाही केला. माहा सदरा रगतानं भरला होता निरा, तो काढून म्या त्याले घातला, तिथंच, पडद्यामांगं. ढगळा होत होता त्याच्या आंगात. बाह्या म्याच दुमडून देल्या. अन् अनुपनं ते पाह्यलं म्हून त्याले त्या दोन कानाखाली, आता समजलं तुमाले. पोलीस आले तवा पोरगं हात पुढं करून उभं.

अन् आता हे. म्हंजे हे कोर्टात वाजलं तं पोरगं आजच्या आज सुटते. हाव न? हेच तं पाह्यजे होतं मले. इतके दिवस हेच म्हनून राह्यलो, माह्या पोराचा जीव डब्यात हाय. हायच. हे पाहा, हाय.

एक सांगू साहेब? खोटं नाही सांगत. पयल्याच दनक्यात तो थंडा झाला होता. डोळे उघडे होते पन त्यात कोनी नव्हतं. तिथं थांबलो असतो तं कदाचित — नाही थांबलो. ते शंभर मानसं गुमान झाले होते न पंगतीत, ते कानात होतं. बाकीचे दनके म्या माह्यासाठी मारले. बरं वाटून राह्यलं होतं. मोकळं मोकळं. पोरगं मांगून कंबरेले धरून वढत होतं अन् मले वाटे, अजून एक, अजून एकच. असं वाटते मानसाले. तुमाले कधी वाटलं नाही? नसन वाटलं. तुमी शिकलेले लोकं.

फोन खाली ठेव. — खाली ठेव म्हनलं न रे. तो पेनड्राइवबी काढ अन् टेबलावर ठेव. शहाना हायस, ठेव. आता मले सांग, ह्या तीन जुन्यायमंधली कोनतीबी काढली तं जाते न सारं? ते आकडे चढून राह्यले, ते पुरे व्हाच्या आधी काढाव लागते, तूच म्हनला होता. खटका कुठं हाय तिचा? तू नाही काढत? कायले नाही काढत? तुहा बाप हाय काय भाऊसिंग, का हर्षल तुहा भाऊ हाय? — नको काढू. सरक. म्हनलं सरक, नाहीतं हे वजन पाहून राह्यला न, वीस किलोचं, काट्याच्या परीक्षेचं, हे दुसऱ्या कशावर तरी पडीन. तुले घरी लेकरू असन. सरकलास, चांगलं केलंस.

निघाली. एवढीशी तं हाय. गरम हाय हाताले.

बोंबलू दे त्याले, पों पों, बोंबलून बोंबलून किती बोंबलीन. सारं लाल झालं न आता? पन तुमी लोकं मेलेल्यातूनबी काढता म्हने, पुन्यात कुठंतरी. तो नाद नको. चारी काढतो. अन् ह्या पेनड्राइवलेबी घेतो सोबत. पाय मांगं घे तुहे, बोटं जातीन. — हं. — हं. — पत्रा मऊ हाय वरचा, आत काच असते काय रे? कशी चुरा झाली. — हं. — थांब, श्वास घेऊ दे. वय झालं आता. — हं.

वाजून राह्यला. माहा फोन. तू एक शब्द बोलू नको.

बोला मॅडम. हाव, इंजिनिअर आला न, समोरच हाय. — नाही मॅडम. — नाही निघालं काही. एक बदलली तं दुसरी गेली, मंग सारंच गेलं. — हाव, एवढा अकोल्याहून आला बिचारा, त्याचा चेहरा उतरून गेला. — आता काय करता, नशीब. — मंग दुसरं काही पाहा न तुमी, साक्षीदार पाहा. — कोनी तयार नाही? कोन तयार होईन मॅडम, साऱ्यायले आपला जीव हाय. — तिथंच हाय तो? द्या न त्याले, एक मिनिट.

हर्षल. बाबू. जेवला काय तू? — हाव रे, म्या सकाळपासून लय खपलो, मशीनच बसली. — नाही, काही नाही वाचलं. दिसनारं बी नाही, ऐकू येनारं बी नाही. — रडू नको. लोकं हायत तिथं, रडू नको. तू जवान हायस, निघून जातीन वर्षं, मी हाय न बाहेर, रोज डबा पाठवतो. — तुही माय बरी हाय. जेवते. — काय? — नाही, आवाज कटला, काय म्हनलास?

मी? मी बरा हाय बाबू. माही काळजी नको करू तू. ठेव.

विचारून राह्यला, बाबा, तुमची तब्येत बरी हाय न.

बॅग उचल. तो पेचकसबी घे, राह्यला तं पुन्हा येशीन घ्याले. कोनाले काय सांगाचं ते तुले कळते, तू कुठं राह्यतोस ते मले अनुपनं लिहून देलं हाय. नीघ आता. काहून उभा हायस, चाल न. शटर अर्धंच वर हाय, वाकून नीघ. डोकं सांभाळ.